कंपनी नाही, काम विचारलं

या सदरातले अनुभव मी आजवर फक्त हसण्यासाठी वाचले. खोटं कशाला सांगू! व्हिडिओ कॉलवर गौरीला — म्हणजे माझ्या बायकोला — मोठ्याने वाचून दाखवायचो आणि मध्ये मध्ये शेरे मारायचो. "यांना सगळ्यांना अमावास्येलाच कसं गं गावाला जायचं असतं?" ती पुण्यात, मी इथे जर्मनीत, इंगोलश्टाटला. आमचा निम्मा संसार असल्या टवाळीवरच चालायचा. शिवाय माझा धंदाच असा. मोटारीच्या दाराला कडेने जी रबराची पट्टी असते ना, ती मी डिझाइन करतो. गाडी पळायला लागली की दारातून शीळ का येते, ते शोधायचं. आवाज आला म्हणजे फट आहे, आणि फट आहे म्हणजे ती सापडणार... एवढंच माझं अध्यात्म.

तर आता मीच लिहायला बसलोय. हसा. मीही हसलोच असतो. नावं सगळी बदलली आहेत आणि माझं तर दिलेलंच नाही, कारण मला लाज वाटते.

आधी परिस्थिती सांगतो, त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

वर 'डिझाइन करतो' लिहिलं ते चुकलं. तेव्हा करत नव्हतो. मी ज्या कंपनीत होतो ती मोठ्या मोटार कारखान्याला सुटे भाग पुरवणारी. इथल्या मोटारधंद्याचं सध्या काय चाललंय ते तुम्ही वाचत असालच. एका सकाळी साहेबाने मला आणि आणखी काही जणांना खोलीत बोलावलं, फार गोड बोलला, कॉफी पाजली आणि नोकरी गेली. आता इथे आमच्यासारख्यांचा मुक्काम नोकरीवर टांगलेला. ब्लू कार्डवाल्याला, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर राहणाऱ्याला, काही महिन्यांत दुसरी नोकरी मिळाली नाही, की चला, गाशा गुंडाळा.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. आईला नाही, मित्रांना नाही, आणि गौरीला तर नाहीच.

गौरी पुण्यात एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. चांगल्या हुद्द्यावर आहे, माझ्याहून हुशार आहे. आमचं ठरलं होतं की तिचा इकडचा व्हिसा झाला की तिने राजीनामा द्यायचा, नोटीस पिरियड संपवायचा आणि यायचं. व्हिसा झाला. ती रोज विचारायची, "देऊ ना रे राजीनामा? नक्की ना?" आणि मी रोज म्हणायचो, "देऊन टाक की! वाट कसली बघतेस?" वाटायचं, तोवर आपल्याला दुसरं काहीतरी मिळेलच. मग सांगू. म्हणजे सांगावंही लागणार नाही.

रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात कंपनीची जुनी निळी पट्टी अडकवून मी तिच्याशी बोलायचो. ओळखपत्र जमा केलं होतं, पट्टी तेवढी राहिली होती. खालचं टोक कॅमेऱ्यात दिसणार नाही असा बसायचो. मग बॅग घेऊन बाहेर पडायचो आणि दिवसभर शहराच्या लायब्ररीत. दुपारी तिचा फोन यायच्या वेळेला कारखान्याच्या गेटसमोरच्या बसस्टॉपवर जाऊन उभा राहायचो. मागे शिफ्ट सुटल्याची गर्दी ऐकू यावी म्हणून! आज लिहितानाही कानशिलं तापतात.

आता ट्रिपचं सांगतो.

माझे इथले दोनच जिवाभावाचे मित्र. शलाका उंटरश्लाइसहाइमला एका कंपनीत आहे, मूळची ठाण्याची, सगळ्यांना कामाला लावणारी. अमोल नाशिकचा, कायझर्सलाउटर्नला पीएचडी करतोय, म्हणजे कित्येक वर्षं करतोच आहे. आम्ही तिघांनी अमेरिकेतली वाळवंटी नॅशनल पार्क्स गाडीने पालथी घालायचं ठरवलं होतं. युटाह, ॲरिझोना, नेवाडा, सगळं. व्हिसाच्या मुलाखतीला नोकरीचा दाखला लागणार, तो मी कुठून आणू? मी मुलाखतीला गेलोच नाही. या दोघांना सांगितलं, "माझा व्हिसा अडकलाय." आणि त्या दोघांनी, स्वतःचे व्हिसे हातात असताना, तिकिटं रद्द केली. "तुझ्याशिवाय काय जायचं? भांडायला कोण?" शलाका म्हणाली.

वर तिनेच डोकं चालवलं. "जर्मनीत वाळवंट आहे, माहितीये? खरंखुरं. ब्रांडनबुर्गमध्ये. आपण आपलं स्वदेशी डेथ व्हॅली करू. आधी ते, मग एल्ब नदीकाठची वाळूची टेकडी, मग म्युरित्सचं नॅशनल पार्क."

"म्युरित्समध्ये वाळवंट आहे?" अमोल.

"नाही. तळी आहेत. पण नॅशनल पार्क तर आहे ना! तू गप बस, ठेचा किती आणतोयस ते सांग."

उन्हाळ्यातला लाँग वीकेंड होता. शलाकाने गाडी भाड्याने घेतली आणि आम्ही शुक्रवारी निघालो. हे वाळवंट म्हणजे लीबेरोजच्या माळावरचं. पूर्व जर्मनी होती तेव्हा तिथे रशियन सैन्य रणगाड्यांचा सराव करायचं. रणगाड्यांनी माती इतकी ढवळली की आज तिथे मैलभर नुसती पांढरी वाळू आहे. काही उगवत नाही. आणि त्या वाळूच्या पोटात अजून न फुटलेला दारूगोळा आहे. त्यामुळे खुणा केलेल्या पायवाटेवरूनच चालायचं, बाहेर पाऊल टाकायचं नाही. ठिकठिकाणी पाट्या — लेबन्सगेफार, जिवाला धोका. मध्ये तिथे आग लागली होती तेव्हा अग्निशमनवालेसुद्धा आत शिरले नव्हते म्हणे.

शनिवारी सकाळी गौरीचा मेसेज आला. "राजीनाम्याचा मसुदा पाठवलाय, बघून सांग. सोमवारी सकाळी पाठवणार." खाली नाचणारं चित्र. मी मसुदा उघडलाच नाही. माळाजवळच्या पार्किंगला पोचलो तेव्हा मोबाइल गाडीच्या पुढच्या कप्प्यात टाकला आणि कप्पा लावून घेतला.

"मोबाइल नाही घेत?" शलाकाने विचारलं. "फोटो?"

"चार्जिंग नाही. तुम्ही काढा की."

तिने गाडी लॉक केली, किल्ली आपल्या पाऊचमध्ये टाकली. हे मी मुद्दाम लिहितोय. किल्ली शेवटपर्यंत तिच्याकडेच होती.

ऊन भयंकर होतं. पाइनच्या झाडीतून बाहेर आल्यावर ती वाळू डोळ्यांवर आपटते. अमोलने तिथेच बसकण मारली. "मी सावलीत बसतो. आधी जेवू, मग काय तो सहारा बघू." शलाका डबे काढायला लागली. अमोल पुण्याहून आलेल्या कुणाच्या तरी बॅगेतल्या दशम्यांचं कौतुक सांगत होता. मला ते हसणं-खिदळणं सहन होईना. या दोघांनी माझ्यासाठी अमेरिका सोडली आणि इथे वाळूच्या कडेला बसून दशम्या खातायत! "एक चक्कर मारून येतो," म्हणालो आणि पायवाटेने एकटाच पुढे निघालो.

टळटळीत दुपार. वारा पडलेला. पक्षीबिक्षी काही नाही. थोडं पुढे गेलो तर वाळूत, पायवाटेपासून बऱ्यापैकी आत, एक बाई उभी होती.

मी दचकलो वगैरे नाही. डोक्याला पांढरं फडकं बांधलेलं, कपाळावर पुढे ओढलेलं, त्यामुळे चेहरा सावलीत. पायघोळ फिकट कपडे. हातात विळा. मला वाटलं, निसर्गसंवर्धनवाल्यांपैकी असेल. हे लोक अशा माळांवर उगवलेली बर्चची रोपटी कापत असतात. मी मान हलवली. तिने काहीतरी विचारलं. ऐकू आलं नाही.

आता इथे एखादा जर्मन माणूस असता, तर त्याने जागेवरून 'गुटन टाग' ठोकलं असतं आणि पुढे गेला असता. पण आपल्याकडचे संस्कार! मोठ्या बाईमाणसाशी लांबून ओरडून बोलणं बरं दिसत नाही. शिवाय तीच आत उभी आहे म्हणजे तेवढा भाग साफ केलेला असणार, असं वाटलं. मी पायवाट सोडली आणि चार पावलं तिच्याकडे गेलो. माझ्या हिशेबाने चारच.

"काय करता?" तिने विचारलं.

हा प्रश्न! कितीतरी महिने मी या एका प्रश्नाला टाळून जगत होतो. महाराष्ट्र मंडळाचा पाडवा बुडवला, ओळखीच्यांच्या घरची जेवणं बुडवली, बसमध्ये आपलं कुणी दिसलं तर पुढच्या दाराने उतरलो. आणि इथे, या ओसाड माळावर, तोच प्रश्न.

"इंजिनिअर आहे," मी म्हणालो. "इंगोलश्टाटला." आणि सवयीने जुन्या कंपनीचं नाव सांगितलं. आपण सगळे तसंच सांगतो. काय करता विचारलं की कंपनी सांगतो.

"कंपनी नाही विचारली. काम विचारलं."

ती कुठल्या भाषेत बोलत होती, हे मला आजही सांगता येणार नाही. खूप आठवून पाहिलं. शब्द आठवतात, अर्थ आठवतो, भाषा आठवत नाही. मी मात्र मराठीत बोलत होतो. तेही मला तेव्हा विचित्र वाटलं नाही.

मी काम सांगायला लागलो. रबर कुठून येतं, त्यात काय मिसळतात, साच्यातून पट्टी कशी ओढून काढतात, दाराच्या चौकटीवर कशी बसवतात, पाणी मारून गळती कशी तपासतात. मी थांबलो की ती म्हणायची, "मग?" मी पुढचं सांगायचो. "मग?" पुन्हा पुढचं. ऊन डोक्यात शिरत होतं, जीभ टाळूला चिकटत होती, पण 'बरं, येतो मी' म्हणायचं सुचेना. एकदा दम घ्यायला थांबलो तर ती जवळ आलेली दिसली. चालताना दिसली नाही, नुसती जवळ आलेली होती. विळ्याचा हात तसाच खाली. मग मात्र मी भराभर बोलत सुटलो.

"हे कधीचं?" तिने मध्येच विचारलं. "आज काय करता?"

"आज सुट्टी आहे. लाँग वीकेंड."

"परवा?"

"परवाही सुट्टीच. मंगळवारी नवीन मॉडेलची मीटिंग आहे," मी म्हणालो.

आणि माझी मान आखडली. म्हणजे नुसती आखडली नाही. ओलं फडकं पिळावं तशी कुणीतरी हळूहळू पिळतंय असं वाटलं. हनुवटी आपोआप खांद्याकडे वळायला लागली. मी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि ओरडलो, "नाही मीटिंग! नाही! नोकरी गेली माझी!"

मान सुटली.

"मग आज काय करता?"

मग मी सांगितलं. सगळं. शर्टाची इस्त्री, गळ्यातली पट्टी, लायब्ररीतला कोपरा, बसस्टॉपवरचं उभं राहणं. न दिलेली मुलाखत. या दोघांनी सोडलेली अमेरिका. गौरीचा राजीनामा, उघडला नाही तो मसुदा, सोमवार. जिथे थोडंसं झाकायला जायचो तिथे मान भरून यायची, मग मी ते उघडं करायचो. किती वेळ चाललं होतं कोण जाणे.

"तिला का नाही सांगितलं?" तिने विचारलं.

मी म्हणालो, तिच्या बाबांना काय वाटेल... आणि मानेत कळ आली. म्हणालो, तिला टेन्शन नको... पुन्हा कळ. शेवटी तोंडातून निघालं, "आम्ही दोघं सगळ्या जगाला हसतो. याला ती हसणार नाही. तिला माझी कीव येईल. ती मला बघवणार नाही."

"मग?" ती म्हणाली. पण या वेळी हळू.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझं नाव घेऊन किंचाळलं. मी वळलो. पायवाट इतकी लांब होती की त्यावरचा अमोल ओळखू येईना. पुन्हा समोर पाहिलं तर वाळू. नुसती वाळू, आणि माझी आखूड सावली.

"हलू नकोस!" अमोल बोंबलत होता. "जागचा हलू नकोस, गाढवा! पायाखाली बघ! आलास त्याच पावलांवर पाय ठेवून परत ये!"

मी खाली पाहिलं. माझ्या बुटांचे ठसे. पायवाटेपासून माझ्यापर्यंत सरळ रेघेत, एकापुढे एक. चार कुठले, मोजवणार नाहीत इतके. दुसऱ्या कुणाचाही ठसा नाही. त्या ठशांमध्ये एकेक पाय रोवत मी परत आलो. शेवटी शेवटी पाय ठशाच्या बाहेर पडतो की काय असं वाटत होतं. अमोल तिकडून सारखा "हळू, हळू, शाबास, हळू" म्हणत होता, लहान मुलाला जिन्यावरून उतरवतात तसं. पायवाटेवर पोचलो तेव्हा त्याने माझी कॉलर धरून मला झाडीपर्यंत ओढत नेलं, आणि मग हा दाढीवाला बाप्या ढसाढसा रडला.

शलाकाने पाण्याची बाटली दिली. मला गिळवेना, घसा सोलवटला होता.

"तासभर शोधतोय तुला," ती म्हणाली. "आवाजावरून सापडलास. कुणाशी बोलत होतास? आधी वाटलं फोनवर आहेस. मग आठवलं, तुझा फोन गाडीत आहे."

"ती बाई..." मी म्हणालो. "विळावाली."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्ही काय ऐकलं?" मी विचारलं.

"काही नाही," अमोल म्हणाला. "काहीच ऐकू आलं नाही." आणि त्याने मान खाली घातली. शलाका डब्याचं झाकण लावत बसली, जे आधीच लागलेलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्युनिकपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मी माझी लाज त्या माळावर मांडली होती, आणि ते दोघं मला झाकू पाहत होते. ती गोळ्यांनी भरलेली वाळू परवडली, पण तो क्षण नको.

गाडीत मोबाइल कप्प्यातून काढला. बंद नव्हता, चार्जिंगही भरपूर होतं. गौरीचा एकही फोन नाही, मेसेज नाही. दुपारचा तिचा फोन कधी चुकत नाही.

आम्ही जिथे उतरलो होतो त्या पेन्शनच्या, म्हणजे इथल्या घरगुती लॉजच्या, मालकीणबाई, फ्राऊ नोआक, वयाने बऱ्याच. माझा अवतार बघून त्यांनी मला अंगणात सावलीत बसवलं आणि उकडलेले बटाटे, क्वार्क नावाचं त्यांचं चक्क्यासारखं दही आणि वर जवसाचं तेल असं समोर ठेवलं. तिकडचं रोजचं जेवण ते. अमोलने मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं की हा उन्हात हरवला होता, आणि एका बाईशी बोलत होता असं म्हणतो.

"दुपारी बाराला?" त्यांनी विचारलं. मग माझ्याकडे बघून, "कामाबद्दल विचारलं?"

मी मान डोलावली.

"आमची आजी सांगायची," त्या म्हणाल्या. "जवसाच्या शेतात दुपारी थांबू नये. ती येते, कामाचं विचारते. एक वाजेपर्यंत उत्तरं देत राहायचं. खरी." त्यांनी माझ्या ताटात आणखी एक बटाटा घातला. "दिलीत ना?"

"या," मी जर्मनमध्ये म्हणालो. म्हणजे हो.

"ना आल्झो," त्या म्हणाल्या. मग झालं तर! आणि आत निघून गेल्या. आपल्याकडे एखाद्या म्हातारीने 'देवाला नमस्कार केलास ना?' विचारावं, इतक्या सहज.

आता तुम्ही म्हणाल, ऊन लागलं, भ्रम झाला, आतलं दाबलेलं बाहेर आलं. मीही तेच म्हटलं. जेवताना मनाशी पक्कं ठरवलंसुद्धा. ऊन, उपाशी पोट, टेन्शन. फट सापडली, विषय संपला. आणि एवढं सगळं झाल्यावर तरी आज गौरीला सांगायचंच, असं ठरवून मी अंगणाच्या टोकाला गेलो आणि फोन लावला.

तिने लगेच उचलला. "अरे, मघाशीच तर तासभर बोललास! पोचलास का रूमवर? काही खाल्लंस?"

"गौरी," मी म्हणालो, "मला तुला एक सांगायचंय."

"अजून? झालं की रे सगळं सांगून. तुझा घसा बघ किती बसलाय बोलून बोलून." मग जरा थांबून ती म्हणाली, "मी राजीनामा देत नाहीये सोमवारी. वेड लागलंय का मला? तू आधी नोकरी बघ. नाही मिळाली तर ये इकडे, मी काय खायला घालणार नाही तुला? पण ती गळ्यातली पट्टी फेकून दे रे बाबा. मला डोळ्यांसमोर येते सारखी, आणि कसंतरीच होतं."

मी खाली बसलो. तिथेच, गवतात.

"आहेस ना?"

"आहे."

"खूप राग आला होता," ती म्हणाली. "फोनवर पहिल्यांदा नुसतं 'मग? मग?' करत होते ना, तेव्हा मनात ठरवत होते की हा माणूस आपल्याला नको. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं ना, तर खरंच सांगते, संपलं असतं. पण तू स्वतःहून सांगितलंस. आणि शेवटी सॉरी म्हणालास. तू! कपबशी फोडलीस तरी 'निसटली' म्हणणारा माणूस! ते ऐकलं आणि माझा राग गेला बघ."

सॉरी. त्या वाळूत मी काय काय बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. त्यात सॉरी कुठेही नव्हतं.

इथे मी बोलायला हवं होतं. 'गौरी, तो फोन मी केला नाही' — एवढंच. जीभ टाळूला चिकटलेली नव्हती, समोर विळा नव्हता, मान कुणी पिळत नव्हतं. अंगणात फ्राऊ नोआकची कोंबडी फिरत होती आणि मी पूर्ण शुद्धीवर होतो.

मी "हं" म्हणालो.

पुढे सगळं नीट झालं, हे सांगायला हवं. कार्डाची मुदत संपत आलेली असताना मला दुसरी नोकरी मिळाली, पुन्हा दारांच्या पट्ट्यांचीच. मग गौरीने राजीनामा दिला आणि ती आली. आता आम्ही एकत्र आहोत, पुन्हा जगाला हसतो. शलाका आणि अमोल येतात-जातात. अमेरिका पुढच्या वर्षी ठरतेय. शलाकाला मी एकदा आडून विचारलं, त्या दिवशी गाडी मध्ये उघडली होतीस का? म्हणाली, "नाही रे, किल्ली माझ्याकडे, आणि आम्ही दोघं तुला शोधत पळत होतो."

गौरीचा फोन एकदा, ती आंघोळीला गेली असताना, मी चोरून पाहिला. त्या शनिवारच्या नोंदी बऱ्याच खाली सापडल्या. माझं नाव, आलेला कॉल, तासाभराचा. माझ्या फोनमध्ये त्या दिवशी फक्त संध्याकाळचा एक कॉल आहे. मी केलेला.

याचा शोध घेता आला असता. फोन कंपनीला विचारता येईल, कुणा जाणकाराला दोन्ही फोन दाखवता येतील. माझ्यासारख्या माणसाने तेच करायला हवं. पण त्यासाठी आधी गौरीला सांगावं लागेल की तो मी नव्हतो. आणि मागच्या महिन्यात तिचे बाबा इथे आले होते. जेवताना ती त्यांना माझ्यादेखत सांगत होती, "बाबा, याने स्वतः फोन करून सांगितलं हो सगळं, कुणी विचारलं नसताना." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जावईबापू, याला हिंमत लागते." मी पोळी वाढून घेतली.

कुणाला असा अनुभव आला असेल, काही उलगडा होत असेल, तर खाली जरूर लिहा. बाईचं मी विचारत नाहीये, ती कोण होती ते फ्राऊ नोआकच्या आजीला माहीत होतं. मला फोनचं विचारायचंय. माझ्या आवाजात माझ्या बायकोला सॉरी कोण म्हणालं, ते मला कळत नाही. मी म्हणालो नव्हतो. अजूनही म्हणालेलो नाही.